कोर्टाची पायरी आणि घराचा उंबरठा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या सांगत आला आहे. या म्हणीमागे कडू अनुभव आहे. तारखांमागून तारखा पडतात, पैसा जातो, चारचौघांत शोभा होते आणि निकाल हाती येईपर्यंत ज्या घरासाठी भांडण मांडले ते घरच शिल्लक उरत नाही. परंतु या म्हणीने एका प्रश्नाचे उत्तर दिलेले नाही. नवऱ्याने घराबाहेर काढलेली लेकुरवाळी, वारसनोंदीतून नाव गळालेली बहीण, जमीन मुलाच्या नावावर करून दिल्यावर वाऱ्यावर सोडला गेलेला म्हातारा बाप, यांनी कोणते शहाणपण करावे? घराचा उंबरठा त्यांना बंद झालेला असतो, म्हणून ही माणसे कोर्टाची पायरी चढतात. त्या पायरीवर त्यांची पहिली गाठ पडते ती वकिलाशी. तो वकील कसा आहे, यावर त्यांचे पुढचे आयुष्य बरेचसे ठरते.

पुण्याच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीत वसलेल्या मुळशी तालुक्याकडे पाहिले म्हणजे हा प्रश्न किती जवळचा आहे ते ध्यानात येते. १९२१ साली सेनापती बापटांच्या सत्याग्रहामुळे हा तालुका देशाला ठाऊक झाला. धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या भातखाचरांसाठी मावळे तेव्हा लढले. शंभर वर्षे उलटली, तरी मुळशीत जमिनीचा प्रश्न संपलेला नाही. फक्त समोरचा पक्ष बदलला. तेव्हा समोर कंपनी होती, आज सख्खा भाऊ आहे. हिंजवडीला माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या आल्या, पिरंगुटच्या बाजूला कारखाने उभे राहिले, बावधन, भूगाव, भुकूमच्या माळांवर इमारती चढल्या. ज्या खाचरातून वर्षाचा तांदूळ निघत असे, त्याचा भाव गुंठ्यावर सांगितला जाऊ लागला. पैसा आला तसा कलहही घरात शिरला.

माहेर तुटेल या भीतीने केलेली सही

या कलहाचे सर्वांत शांत, म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित रूप म्हणजे हक्कसोडपत्र. वडील वारतात, जमिनीला गिऱ्हाईक येते आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणींना निरोप जातो : 'एक सही करायची आहे, येऊन जा.' महाराष्ट्राने १९९४ मध्येच कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत सहदायाद म्हणून स्थान दिले होते, पण आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या गेल्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट काढली. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्ध शब्दांत सांगितले, की मुलीचा हा हक्क जन्मतःच असतो आणि २००५ साली वडील हयात होते की नव्हते, याने त्यात फरक पडत नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेले व्यवहार व वाटण्या तेवढ्या अबाधित राहिल्या.

कायदा इतका स्पष्ट असूनही दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बहीण सही करून मोकळी होते. साडीचोळी घेऊन ती सासरी परतते. तिला हिशेब कळत नाही, असे समजण्याचे कारण नाही. भाऊबीजेला हक्काने जाण्याचे एकमेव दार तिला मिटवून घ्यायचे नसते. एखादी आपखुशीने हक्क सोडत असेल तर तो तिचा मोठेपणा आहे आणि त्याचा मान ठेवलाच पाहिजे. परंतु आपण काय सोडत आहोत, हे तिला कोणी सांगितले का? कागद तयार करणारा वकील बहुधा भावांनी नेमलेला असतो. बहिणीच्या बाजूने त्या खोलीत कोणीच नसते.

दुसरे रूप उघड आणि भयंकर आहे. २०२५ च्या मे महिन्यात याच तालुक्यातील भुकूम येथे एका तरुण विवाहितेचा सासरी मृत्यू झाला. लग्नात सोने आणि महागडी मोटार देऊनही पैशांसाठी छळ झाला, असा आरोप माहेरच्यांनी केला. सासरच्या मंडळींना अटक झाली. तिचे तान्हे मूल आजोळी सोपवावे लागले. प्रकरण न्यायालयापुढे गेले असल्याने दोष कोणाचा हे न्यायालय ठरवील. पण अशी प्रत्येक घटना घडली, की समाजाने स्वतःला एक प्रश्न विचारावा : मुलगी पहिल्यांदा रडत माहेरी आली, तेव्हा तिला काय सांगितले गेले? 'थोडे सोसावे, संसार असाच असतो' हे वाक्य आपल्या घरांत फार सहजपणे उच्चारले जाते. कुटुंबसंस्था टिकावी ही तळमळ खरी आहे. मात्र जे कुटुंब एका जिवाच्या मोलावर टिकते, ते टिकले असे म्हणता येत नाही.

कायद्याचा अविश्वास

अशा वेळी वकिलाने काय करावे? आश्चर्याची गोष्ट अशी, की आपल्या कायद्यानेच कौटुंबिक वादात वकिलावर अविश्वास दाखवला आहे. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याचे १३ वे कलम सांगते, की या न्यायालयात वकिलामार्फत बाजू मांडणे हा पक्षकाराचा हक्क असणार नाही. न्यायालयाला गरज वाटली तर ते कायदेतज्ज्ञाचे साहाय्य घेईल. याच कायद्याच्या ९ व्या कलमाने समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य ठरवले, १२ व्या कलमाने समाजकल्याण आणि वैद्यक क्षेत्रांतील जाणकारांची मदत घेण्याची मुभा दिली. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहविषयक कायद्याने तर आणखी पुढे जाऊन १७ व्या कलमान्वये न्यायाधिकरणापुढे वकिलांना मज्जावच केला. पुढे केरळसारख्या काही उच्च न्यायालयांनी हा मज्जाव सैल केला. कौटुंबिक न्यायालयांतही परवानगी घेऊन वकील उभे राहतात. २०१७ मध्ये पुण्यातील कौटुंबिक न्यायालयाला शिवाजीनगर येथे स्वतंत्र इमारत मिळाली. तेथेही काळे डगले दिसतातच.

तरीही संसदेने दोनदा हा अविश्वास का नोंदवावा? कारण वादाला फोडणी देणारा, नोटिशीत शेलके आरोप पेरणारा, पोटगीचा अर्ज आणि मुलाच्या ताब्याचा अर्ज एकमेकांविरुद्ध शस्त्रासारखा वापरणारा वकील सर्वांच्या पाहण्यात होता. नवराबायको समेटाला तयार असताना त्यांचे वकील तयार नसतात, असे सर्रास बोलले जाई. हा कलंक पुसून काढायचा तर तो कायद्याच्या पुस्तकातील कलमांनी निघणार नाही. तो वकिलांच्या आचरणानेच निघेल. आणि आचरण बदलणारी सर्वांत मोठी शाळा म्हणजे ज्याच्या त्याच्या आयुष्यातील अनुभव.

ज्याचे जळते त्याला कळते

या संदर्भात पुण्याशीच निगडित असलेली एक जुनी हकिकत आठवण्याजोगी आहे. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ मध्ये नाशिकला झाला आणि त्यांच्या जडणघडणीचा मोठा काळ पुण्यात गेला. त्यांची आई फ्रान्सिना पुण्यात शाळा चालवीत असे. कॉर्नेलिया लहान असताना गुजरातेतील एक सधन पडदानशीन स्त्री मदतीसाठी आईकडे आली. तिच्या कारभाऱ्याने कोऱ्या कागदावर तिची सही घेतली होती आणि त्या सहीच्या जोरावर तिची मिळकत गिळली होती. परपुरुषासमोर येण्याची रीत नसल्याने तिला वकिलाकडेही जाता येत नव्हते. अशा बायकांना मदत करायची असेल तर कायदा शीक, असे आईने मुलीला सांगितले.

पुढे स्वतः कॉर्नेलियांच्या वाट्यालाही अन्याय आला. डेक्कन कॉलेजातून पहिल्या वर्गात उत्तीर्ण होऊनही विलायतेला जाण्याची शिष्यवृत्ती केवळ स्त्री म्हणून त्यांना नाकारली गेली. हितचिंतकांच्या मदतीने त्या ऑक्सफर्डला गेल्या, १८९२ मध्ये कायद्याच्या परीक्षेला बसल्या. पण हिंदुस्थानात वकिली करण्याचा मार्ग स्त्रियांना निर्वेधपणे खुला झाला तो १९२३ च्या कायद्याने. दरम्यानच्या काळात, १९०४ पासून, बंगालमध्ये कोर्ट ऑफ वॉर्ड्‌सच्या सल्लागार म्हणून त्यांनी पडद्याआडच्या विधवांची आणि अज्ञान वारसांची बाजू सांभाळली. सुमारे सहाशे स्त्रिया व मुलांना त्यांचे साहाय्य झाले, असे सांगितले जाते. त्यांची राजकीय मते राष्ट्रीय चळवळीच्या विरोधातील होती आणि ती कोणाही देशभक्ताला रुचणारी नाहीत. पण पुण्याच्या घरात पाहिलेली एक ठकलेली बाई त्या आयुष्यभर विसरल्या नाहीत, हे मान्य केलेच पाहिजे. त्या बाईचा कोरा कागद आणि आज न वाचता सही होणारे हक्कसोडपत्र यांत अंतर किती आहे?

दुसरे उदाहरण महात्मा गांधींचे. मुंबईच्या लघुवाद न्यायालयात पहिल्याच खटल्यात त्यांना तोंडातून शब्द फुटला नाही आणि ते खाली बसले. अशिलाची फी परत करण्याची वेळ आली. असा हरलेला तरुण १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेला. तेथे दादा अब्दुल्ला आणि तय्यब शेठ यांचा दावा चालू होता. दोघे एकमेकांचे नातलग आणि एकाच गावचे. कागदपत्रांचा अभ्यास केल्यावर आपला पक्ष बळकट आहे, हे गांधींना कळले. पण दोन्हीकडच्या वकिलांच्या खर्चात दोन्ही घरे बुडतील हेही त्यांना दिसले. त्यांनी लवादाचा मार्ग सुचवला. निवाडा दादा अब्दुल्लांच्या बाजूने लागल्यावर हरलेल्या नातलगाचे दिवाळे निघू नये म्हणून रक्कम हप्त्यांनी घेण्यास त्यांनी स्वतःच्या अशिलाला राजी केले. दुरावलेली मने जोडणे हेच वकिलाचे खरे काम, अशी खूणगाठ त्यांनी तेव्हा बांधली.

तिसरे उदाहरण आपल्या काळातील आहे. मुंबईच्या ज्येष्ठ विधिज्ञ फ्लेव्हिया ॲग्नेस यांनी स्वतःच्या संसारात वर्षानुवर्षे मारहाण सोसली. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात त्यांनी ते न लपवता लिहिले. शालेय शिक्षणावर थांबलेल्या या स्त्रीने पुढे पदवी घेतली, कायद्याचा अभ्यास केला आणि १९८८ पासून त्या मुंबईत वकिली करू लागल्या. मधुश्री दत्ता यांच्यासमवेत त्यांनी 'मजलिस' ही संस्था उभी केली आणि असंख्य स्त्रियांना न्यायालयात आधार दिला. समान नागरी कायद्यासारख्या प्रश्नांवर त्यांच्याशी मतभेद असणारे पुष्कळ आहेत. परंतु त्यांच्या कामातील एक आग्रह पक्षभेदापलीकडचा आहे. पीडित बाईला नवरा तुरुंगात गेल्याच्या समाधानापेक्षा डोक्यावरचे छप्पर, पोटगी आणि मुले लवकर मिळायला हवीत, हा तो आग्रह. हे पुस्तकात वाचून कळत नाही. रात्री घराबाहेर काढले गेल्यावर जायचे कोठे, हा प्रश्न ज्याला पडून गेला आहे, त्याच्या दाव्यात निवाऱ्याचा मुद्दा आधी येतो.

कळवळ्याला शिस्त हवी

मात्र येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. दुःख भोगले म्हणजे माणूस आपोआप दयाळू होतो असे नाही. काही माणसे त्याने कडवट होतात. स्वतःची जखम न भरलेला वकील अशिलाच्या तोंडून स्वतःचाच जुना खटला लढू लागतो. त्याला प्रत्येक नवरा छळणारा किंवा प्रत्येक बायको कपटी दिसू लागते. २०१४ मध्ये अर्नेशकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला पोलिसांना बजावावे लागले, की वैवाहिक छळाच्या तक्रारीत सरसकट अटक करू नये. म्हाताऱ्या सासूसासऱ्यांना आणि दूरवर नांदणाऱ्या नणंदेला निष्कारण गोवणाऱ्या तक्रारींचे मसुदेही कोणा वकिलाच्याच टेबलावर तयार झालेले असतात. म्हणून अनुभवाला अभ्यासाची आणि कळवळ्याला सत्याची जोड हवी. खरा सहृदय वकील अशिलाचे अश्रू पुसतो आणि त्याच बैठकीत त्याला न आवडणारे सत्यही सांगतो.

अशी सहृदयता डोळ्यांत पाणी आणून सिद्ध होत नाही. ती कागदावर दिसते. वृद्ध पिता मुलाच्या नावे बक्षीसपत्र करण्यास येतो, तेव्हा हा वकील त्यात एक वाक्य घालतो : मुलाने आईवडिलांचा सांभाळ करावा, या अटीवर ही मिळकत दिली आहे. २००७ च्या कायद्याच्या २३ व्या कलमानुसार अशी अट मोडल्यास हस्तांतरण रद्द करून घेता येते. अट नसेल तर तोच बाप पुढे हतबल होऊ शकतो. त्या एका वाक्यात म्हाताऱ्याचे अन्न असते.

पोटगीच्या अर्जातही तसेच. ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालाने दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मिळकत आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक केले. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असेही सांगितले. हे प्रतिज्ञापत्र प्रामाणिकपणे भरायला लावणारा वकील दोन्हीकडच्या घरांची वर्षे वाचवतो. मुलाच्या ताब्याच्या अर्जात आईवर किंवा बापावर शिंतोडे उडवण्यापूर्वी हे मूल मोठेपणी हा कागद वाचील, याचे भान तो ठेवतो. हक्कसोडपत्राला आलेल्या बहिणीला तो सांगतो : 'ताई, मी तुमच्या भावांचा वकील आहे. तुम्ही दुसऱ्या कोणाला तरी हा कागद दाखवा आणि मग ठरवा.' असे सांगितल्याने एखादे काम त्याच्या हातून जाईलही. पण गावात त्याचा शब्द राहतो.

आणि समेट? समेट हा आपल्या परंपरेचा प्राण आहे. पंचांसमोर बसून मिटवण्याची आपली रीत मौल्यवान आहे. परंतु रुसवा आणि मारहाण यांत भेद करता आला पाहिजे. रुसव्यावर समजूत हे औषध आहे, मारहाणीवर संरक्षण हेच औषध. २००६ च्या ऑक्टोबरपासून अमलात आलेल्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने संरक्षणाचा आणि राहत्या घराचा आदेश मागण्याची सोय केली आहे. कोणत्या बाईला घरी परत पाठवावे आणि कोणत्या बाईला पाठवू नये, हे ओळखणे म्हणजेच या वकिलीतील सर्वांत अवघड विद्या. ती ओळख चुकली तर त्याची किंमत जिवाने मोजावी लागते. स्वतःच्या घरात किंवा शेजारी असे काही पाहिलेला वकील येथे चटकन सावध होतो. 'जरा सोसून घे' हे शब्द त्याच्या ओठांवर येत नाहीत.

समाजाचे देणे

हे सगळे वकिलांवर सोपवून समाजाला हात झटकता येणार नाहीत. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमानुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. तालुका पातळीवर विधी सेवा समित्या याचसाठी आहेत. ही माहिती ताम्हिणीच्या बाजूच्या वाडीवस्तीत किती घरांना आहे? पुण्याला एक तारीख करायची तर मोलमजुरी करणाऱ्या बाईचा दिवस बुडतो, हे लक्षात घेऊन तिच्यासोबत जाणारे कोणी गावात आहे काय? भजनी मंडळ, महिला बचत गट, गणेशोत्सव मंडळ यांची उणीव मुळशीत नाही. वर्षातून एकदा एखाद्या जाणत्या वकिलाला बोलावून सात-बारा, वारसनोंद, बक्षीसपत्र आणि पोटगी यांविषयी चार गोष्टी समजावून घेणे या मंडळांना सहज शक्य आहे. कुटुंबप्रबोधनाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी तर हे आपलेच काम समजले पाहिजे. ज्या घरात कन्येचा हक्क आणि सुनेचा जीव सुरक्षित नाही, त्या घराचे प्रबोधन केवळ एकत्र भोजनाने होणार नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे या तालुक्यातील मुलामुलींनी कायद्याच्या शिक्षणाकडे वळावे. जमिनीच्या व्यवहारातील दलाली झटपट पैसा देते, हे त्यांना दिसते. पण ज्या मुलाने आपल्या आत्याला सही करून डोळे पुसताना पाहिले, ज्या मुलीने शेजारच्या वहिनीचा आक्रोश भिंतीपलीकडून ऐकला, तिच्याइतकी या कामाची तयारी शहरातल्या नामांकित महाविद्यालयातही होणे कठीण. १९८४ चा कायदा न्यायाधीश नेमताना विवाहसंस्थेचे रक्षण आणि मुलांचे कल्याण यांची बांधिलकी असणाऱ्या, अनुभवाने त्यासाठी पात्र ठरणाऱ्या व्यक्ती निवडाव्यात, असे सांगतो. मग हीच अपेक्षा समाजाने वकिलाकडून का करू नये?

घरात वकील निवडताना आपण विचारतो, की तो खटले जिंकतो का. कौटुंबिक वादात आणखी दोन प्रश्न विचारावेत : हा माणूस समोरच्या पक्षाच्या मुलाबाळांचा विचार करतो का, आणि आपली चूक असेल तर ती आपल्याला तोंडावर सांगतो का? या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी देणारा वकील प्रत्येक तालुक्याच्या गावी असेल, तर शहाण्या माणसाला, आणि ठकलेल्या बाईलाही, कोर्टाची पायरी चढताना एवढे भय वाटणार नाही.